एकत्र घराचं दार आणि स्मार्ट कुलूप

दुकानात कुलूप बघायला जाण्याआधी घरातली माणसं मोजा. सोलापुरातल्या एका एकत्र कुटुंबाची बातमी २०२२ साली देशभर गाजली होती. ७२ माणसं आणि एकच घर. अशा घरात प्रत्येकाची दोन बोटं नोंदवायची म्हटली तर १४४ ठसे होतात, आणि बाजारातल्या बऱ्याच स्मार्ट कुलपांत ५० ते १०० ठशांचीच जागा असते. तुमचं घर एवढं मोठं नसेल. पण आई-वडील, दोन भाऊ, दोन जावा, चार मुलं, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि सकाळी येणाऱ्या भांडीवाल्या मावशी एवढे धरले तरी डझनभर माणसं त्या दारातून रोज ये-जा करतात. या डझनातल्या ज्या माणसाला कुलूप सगळ्यांत जड जाणार, त्याला दुकानात सोबत न्यायचं आणि त्याच्या सोयीनं कुलूप घ्यायचं. पुण्याला आयटीत असलेला मुलगा कुठलंही कुलूप उघडेल. अडणार आहेत त्या आजी.

सोलापुरात हे जास्तच खरं आहे, कारण इथल्या कितीतरी घरांतल्या हातांनी आयुष्यभर राबून काम केलंय. विडी वळणाऱ्या बाईची बोटं जवळून बघा. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान मापानं कात्रीनं कापायचं, चिमटीतली तंबाखू त्यावर पसरायची, अंगठा आणि दोन बोटांत गुंडाळी वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. मजुरीच हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते, म्हणजे ही क्रिया दिवसाकाठी शेकडो वेळा होते. वीस-तीस वर्षांत बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजून कातडी गुळगुळीत होते. लूमवर तुटलेले धागे जोडणाऱ्यांचं आणि घरात भांडी-धुणं करणाऱ्या बायकांचंही थोडंफार तेच. रेशन दुकानात ज्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात कधीच उठत नाही, त्यांचा तो घराच्या दारावरही उठणार नाही. आणि रेशन दुकानात निदान मागं रांग असते, बोलायला माणूस असतो. दुपारी दीड वाजता मे महिन्याच्या उन्हात, हातात भाजीची पिशवी घेऊन स्वतःच्याच दारापुढं चारदा अंगठा लावून 'पुन्हा प्रयत्न करा' ऐकणं म्हणजे त्या माणसाचा अपमान आहे. काही कुलपं तर चार-पाच चुकीच्या ठशांनंतर काही मिनिटं बंदच पडतात.

म्हणून दुकानातल्या नमुन्याच्या कुलपावर आजींचा ठसा नोंदवायला लावा आणि दहा वेळा उघडून बघा. अंगठाच हवा असा काही नियम नाही. ज्या हातानं काम कमी होतं त्या हाताची अनामिका किंवा करंगळी बऱ्याचदा शाबूत असते. एकच बोट दोन वेगवेगळ्या नोंदी म्हणून दोनदा नोंदवलं, तर ओळख पटण्याची शक्यता वाढते. घरी नोंद करताना हात धुऊन, पूर्ण कोरडा करून करा. ओल्या हाताला आणि थंडीत फुटलेल्या कातडीला हे यंत्र हमखास दगा देतं. लहान मुलांची बोटं वाढत असतात. आधारसाठीसुद्धा पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत आणि पुढं पाचव्या व पंधराव्या वर्षी ते नव्यानं घ्यावे लागतात. घरच्या कुलपातही दरवर्षी शाळा सुरू होताना मुलांचे ठसे पुन्हा नोंदवलेले बरे.

एवढं करूनही ठसा उठला नाही तर हट्ट सोडावा. आकड्यांची पाटी असलेलं कुलूप घ्या आणि ती पाटी उन्हात वाचता येते का, आकडे मोठे आहेत का, ते दुकानाच्या दाराबाहेर येऊन तपासा. एसीच्या गारव्यात लख्ख दिसणारे आकडे पश्चिमेच्या उन्हात दिसेनासे होतात. सगळ्या घराला मिळून एकच पिन, ही सवय मात्र नको. कुणाकडून पिन बाहेर फुटला हे मग कळतच नाही आणि बदलला की बारा जणांना नव्यानं पाठ करावा लागतो. प्रत्येकाचा पिन वेगळा, सहा आकडी, आणि जन्मसाल किंवा गाडीचा नंबर सोडून. बऱ्याच कुलपांत खऱ्या पिनच्या मागं-पुढं वाटेल ते आकडे दाबायची सोय असते. शेजारी कुणी उभं असेल तर ती फार कामाची.

ज्यांना पिनही लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी किल्लीच्या जुडग्यात अडकवायचा बिल्ला किंवा कार्ड. कमरेच्या पिशवीत, बटव्यात ते सहज राहतं. एक लक्षात असू द्या, स्वस्त कार्डांची नक्कल करणं सोपं असतं. त्यामुळं कार्ड हरवलं की 'सापडेल उद्या' म्हणत थांबू नका, त्याच दिवशी कुलपातून त्याची नोंद काढा.

फक्त मोबाइलवर चालणारं कुलूप एकत्र घरासाठी नकोच. न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीत मालकानं दाराला ॲपवर चालणारं कुलूप बसवलं. तिथल्या भाडेकरूंपैकी काही जण म्हातारे होते, त्यांना ॲप वापरायचं नव्हतं आणि आपल्या ये-जा करण्याची नोंद कुणाच्या तरी संगणकात होणंही पटत नव्हतं. ते कोर्टात गेले आणि शेवटी २०१९ साली तडजोड होऊन त्यांना साधी धातूची किल्ली मिळाली. आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांवर किल्लीसाठी भांडायची वेळ का यावी? किल्लीचं भोक नसलेलं कुलूप एकत्र घराला घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन किल्ल्या येतात. त्यांतली एक घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी आणि एक घराबाहेर, गावातल्याच भरवशाच्या नातेवाइकाकडं ठेवा. सगळ्या किल्ल्या एकाच कपाटात ठेवून ते घर कुलूपबंद करणारी कितीतरी कुटुंबं आहेत.

आता दार. इथं घाई केली की पैसे पाण्यात जातात. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठेतल्या जुन्या घरांना दोन फळ्यांची जाड सागवानी दारं आहेत, कडी-कोयंड्याची, आतून अडसराची. हँडलचं स्मार्ट कुलूप दाराच्या जाडीत खोबण करून बसवायचं असतं. ते एका फळीच्या, सपाट, साधारण ३५ ते ५५ मिलिमीटर जाडीच्या दारासाठी बनवलेलं असतं. दोन फळ्यांच्या दारात कुलपाचा दांडा जाणार दुसऱ्या फळीत, आणि ती फळी वरखाली खिटीनं पक्की नसेल तर जरा जोर लावला की दोन्ही फळ्या एकदम उघडतील. कोरीव पट्ट्या, पितळी फुल्या असलेल्या दारात यंत्र बसायला सपाट जागाच मिळत नाही. अशा दाराला आतल्या बाजूनं वर बसवायचं पेटीचं कुलूप मिळतं. त्याला लाकूड कमी कोरावं लागतं. तेही बसत नसेल तर जुन्या दाराला हात लावू नका. पणजोबांच्या काळचं सागवान चुकीच्या जागी भोक पाडल्यावर परत मिळत नाही. त्याऐवजी आतलं, जिन्याचं किंवा मागचं दार निवडा.

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडच्या नव्या बंगल्यांत आणि अपार्टमेंटमध्ये अडचण दुसरीच असते. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर, आत मुख्य दार, आणि दोन्हींमध्ये अंतर इतकं कमी की कुलपाचं हँडल जाळीला आपटतं आणि सेफ्टी डोअर लागतच नाही. टेप घेऊन या चार गोष्टी टिपून घ्या: दाराची जाडी, दोन दारांमधलं अंतर, दाराच्या काठापासून सध्याच्या हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि दार आत उघडतं की बाहेर, डावं की उजवं. दाराचे आतून-बाहेरून दोन फोटो काढा. हे सगळं दुकानदाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसाळ्यात दार फुगून चौकटीला घासत असेल, तर आधी सुताराकडून ते रंधून घ्या. हातानं आपण दार ओढून कडी लावतो, पण मोटरवर चालणाऱ्या कुलपाला तेवढा जोर नसतो. दांडा अर्ध्यात अडकतो आणि सेल भराभर संपतात.

सेलवरून आठवलं. 'लाइट गेली तर दार कसं उघडायचं?' हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. लाइटचा आणि या कुलपांचा फारसा संबंध नाही. बहुतेक कुलपं चार डबल ए सेलवर चालतात आणि साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतात. लाइट गेली की वायफाय जातं, म्हणजे मोबाइलवरून लांबून उघडणं तेवढं बंद होतं. ठसा, पिन, कार्ड चालूच राहतात. सेल संपत आले की कुलूप आधी काही दिवस आवाज करून सांगतं, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर बाहेरच्या बाजूला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून किंवा पॉवर बँकेची वायर लावून दार उघडता येतं. ही सोय नसलेलं कुलूप बाजूला ठेवा. सेल अल्कलाइनच वापरा. घड्याळाचे स्वस्त सेल इथं चालत नाहीत, आणि रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज मुळातच कमी असल्यानं कुलपाचा अंदाज चुकतो. ज्या कुलपात वायफाय थेट आत असतं ते सेल जास्त खातं. दिवाळी आणि गुढीपाडवा, दोन्ही सणांना सेल बदलायचे असं ठरवून टाकलं तर इशाऱ्याची वाट बघावी लागत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज जातो, आणि हे तापमान सावलीतलं. पश्चिमेकडं तोंड असलेल्या दारावरचा काळा धातू त्याहून कितीतरी जास्त तापतो. कुलपाच्या खोक्यावर किती अंशांपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं, तिथं ६० च्या खालचा आकडा असेल तर उन्हातल्या दाराला ते घेऊ नका. दारावर पत्र्याचा एक छोटा पडदा किंवा छज्जा करून घेतला तर कुलपाचं आयुष्य वाढेल. अंगणातल्या गेटला बसवायचं असेल तर धूळ-पाण्यापासून बचावाची खूण, म्हणजे आयपी ६५, असल्याची खात्री करा. लूमच्या शेडजवळ कापसाची तूस हवेत असते. ती ठशाच्या काचेवर बसते, म्हणून आठवड्याला कोरड्या मऊ कापडानं पुसणं आलं.

आणखी एक सोय इथल्या दिनक्रमाला चांगलीच नडते. दार लोटलं की आपोआप लागणारं कुलूप. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खं घर बादल्या-पाइप घेऊन आत-बाहेर करत असतं. सकाळी सडा-रांगोळीला बाहेर आलेल्या बाईच्या हातात ना मोबाइल असतो ना कार्ड, आणि बोटं रांगोळीनं भरलेली. मागं दार लागलं की ती बाहेर. दिवसा आपोआप लागणं बंद ठेवता येतं का, ते विकत घेतानाच विचारा आणि बसवणाऱ्याकडून लगेच तसं करून घ्या.

आतून दार उघडण्याबद्दल मात्र कुठलीही तडजोड नको. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. कारखान्याच्या मालकाचं कुटुंब त्याच आवारात राहत होतं. मृतांत ते स्वतः, त्यांच्या घरचे आणि कामगारही होते. तिथं कुलपाची चूक होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण खाली लूम, सुताचे गठ्ठे आणि वर राहतं घर अशी शेकडो घरं या शहरात आहेत आणि त्या प्रत्येक घराला हा प्रश्न लागू आहे. धुरानं भरलेल्या अंधारात, सेल संपलेले असताना, आठ वर्षांच्या मुलाला आतून नुसतं हँडल दाबून दार उघडता आलं पाहिजे. आतून ठसा किंवा पिन मागणारं कुलूप राहत्या घराला नकोच. काही कुलपांत लहान मुलांनी दार उघडू नये म्हणून आतलं हँडल निकामी करायची कळ असते. तिच्याऐवजी दाराला उंचावर साधी कडी लावा. आणि ज्या घरांत रात्री आतून वेगळं मोठं कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवायची पद्धत आहे, त्यांनी ती आजपासून बंद करावी.

एवढं सगळं जमलं तरी एक प्रश्न उरतोच, आणि दुकानदार त्याबद्दल बोलत नाही. कुलूप कुणाच्या मोबाइलवर नोंदवायचं? ज्याच्या नावावर ते ॲप, त्याला कुणाचा ठसा घालायचा, कुणाचा काढायचा, कोण किती वाजता आलं हे बघायचं, असे सगळे अधिकार मिळतात. साध्या किल्लीच्या काळात घरातला मोठा भाऊ कितीही रागावला तरी धाकट्याच्या खिशातली किल्ली त्याला काढून घ्यावी लागायची, तीही सगळ्यांसमोर. आता मुंबईत बसून एका स्पर्शात धाकट्याचं दार बंद करता येतं. वाटणी न झालेल्या घरात हे करण्याचा हक्क कुणा एकाला नाही. सगळे सहहिस्सेदार सगळ्या घराचे ताबेदार असतात, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्साही मुलांइतकाच आहे. त्यामुळं लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा ठसा कुलपात असणं हा माहेरच्यांचा मोठेपणा समजू नये. २००५ च्याच कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १७ नं स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. भांडण झालं म्हणून सुनेचा पिन रद्द करणं आणि तिला घराबाहेर काढून दार लावणं यांत काडीचाही फरक नाही.

तेव्हा अधिकार दोन मोबाइलवर द्या, दोन वेगवेगळ्या बिऱ्हाडांत, आणि त्यांतला एक तरी घरातल्या बाईकडं असू द्या. घरात राहणाऱ्या कुणाचाही ठसा दोघांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, हे वडीलधाऱ्यांसमोर बोलून घ्या. काही कुलपांत एकाच मुख्य खात्याची सोय असते. मग ते खातं घरासाठी काढलेल्या वेगळ्या ईमेलवर ठेवा आणि पासवर्ड लिहून बंद पाकिटात घरातल्या कागदपत्रांसोबत ठेवून द्या. मुख्य खातेदार अचानक गेला किंवा परदेशी गेला तर बाकीच्यांचं अडू नये.

ये-जा करण्याच्या नोंदीबद्दल मला फार कळकळीनं सांगायचं आहे. दार उघडलं की नावासकट वेळ मोबाइलवर येते. शाळेतून मुलं घरी पोचली हे कळायला ती छानच आहे. पण तीच नोंद 'धाकटी आज साडेसातला आली, ऑफिस तर सहाला सुटतं' अशा बोलण्यात वापरली जायला आठवडासुद्धा लागत नाही. ज्या घरात सगळे एकमेकांच्या विश्वासावर राहतात तिथं ही चौकशी विषासारखी पसरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही इथं उपयोग नाही, कारण घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीनं ठेवलेली माहिती त्या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे हे घरातच ठरवावं लागणार. मोठ्या माणसांच्या येण्या-जाण्याची सूचना बंद ठेवा, फक्त मुलांची आणि बाहेरच्यांची चालू ठेवा. चोरी किंवा तसंच काही घडलं तरच नोंद उघडायची, तीही दोघांनी मिळून. मावशींचा पिन त्यांच्या कामाच्या वेळेपुरता चालू ठेवता येतो, पण त्यांच्या वेळेची नोंद होते हे त्यांना आधी सांगा.

पाहुण्यांसाठी मात्र हे कुलूप वरदान आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला, किंवा तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून येणारे नातेवाईक आपल्याकडं उतरतात. त्यांना दोन-तीन दिवसांपुरता पिन द्या, मुदत संपली की तो आपोआप बंद होतो. भाडेकरूला मात्र शक्यतो वेगळं दार, वेगळं कुलूप द्यावं. ते जमत नसेल तर करारात लिहावं की मुदतीच्या आत त्याचा प्रवेश मालकाला परस्पर बंद करता येणार नाही.

सुरक्षेचं म्हणाल तर थोडक्यात. कुलूप बसवणारा माणूस जाण्याआधी त्यानं चाचणीसाठी घातलेला स्वतःचा ठसा आणि कारखान्यातून आलेला १२३४५६ सारखा मूळ पिन त्याच्यासमोरच काढून टाका. लांबून मोबाइलवरून उघडायची सोय खरंच लागणार नसेल तर वायफायचं कुलूप घेऊच नका, ब्लूटूथचं पुरतं. इंटरनेटवर अवलंबून असलेलं कुलूप कंपनीवरही अवलंबून असतं. २०१७ साली अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीनं चुकीचं अपडेट पाठवलं आणि सुमारे ५०० कुलपं जागच्या जागी निकामी झाली. २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट घराची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीनं गाशा गुंडाळला आणि ग्राहकांची उपकरणं एका रात्रीत तिच्या सर्व्हरविना पोरकी झाली. म्हणून नाव नसलेलं, ऑनलाइन स्वस्तात मिळणारं कुलूप घेण्यापेक्षा जिची सर्व्हिस सोलापुरात किंवा निदान पुण्यात आहे आणि जिचा माणूस दोन-तीन दिवसांत घरी येतो अशी कंपनी निवडा. गोदरेज कंपनी १८९७ पासून कुलपं बनवत आली आहे. नाव जुनं असल्यानं सगळंच चांगलं असतं असं नाही, पण दहा वर्षांनी सुटा भाग मागायला दार ठोठावता येईल असं कुणीतरी असावं.

किंमत सहा-सात हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत जाते. चेहरा ओळखणं, कॅमेरा, दारावरचा स्क्रीन यांनी ती फुगते, आणि एकत्र घराला यातलं फारसं काही लागत नाही. चांगली ठशाची काच, मोठे आकडे, किल्ली, आतून साधं हँडल आणि दोन मुख्य खाती एवढं मध्यम किमतीत मिळतं. उरलेले पैसे दाराच्या चौकटीवर घाला. भुसभुशीत झालेल्या चौकटीत तीस हजारांचं कुलूप लावलं तरी एका लाथेत दार उघडतं. बिजागऱ्यांचे स्क्रू बदला, कुलपाचा दांडा जिथं शिरतो तिथली लोखंडी पट्टी लांब स्क्रूंनी भिंतीपर्यंत पक्की करून घ्या.

बसवायचा दिवस सगळे घरी असतील असा धरा, रविवार उत्तम. प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं बाहेरून तीनदा आणि आतून एकदा दार उघडून दाखवायचं, आजींनी सगळ्यात आधी. मग दार उघडं ठेवून सेल काढा आणि बाहेरून नऊ व्होल्टच्या बॅटरीनं कुलूप उघडतं का बघा, किल्लीनंही बघा. जुनं कुलूप किंवा कडी लगेच काढू नका, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. पावती आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. कुलपाचा क्रमांक आणि सर्व्हिसचा फोन नंबर एका कागदावर लिहून विजेच्या मीटरच्या पेटीत आतून चिकटवा, म्हणजे बाहेर अडकलेल्या माणसाला तो नंबर हाताशी सापडेल.